निळा, शेंदरी, पिवळा

अपेक्षानं ब्लेडची धार मोटारीच्या तेलाच्या नळीवर आडवी टेकवली आणि रंगाचा पापुद्रा हळूहळू सोलत आणला. पापुद्रा सुटला, पण चिमट्यात येण्याआधीच त्याचे तुकडे झाले आणि पंख्याच्या वाऱ्यानं मोटारीखाली उडून गेले.

"बंटीभाऊ, पंखा बंद करा ना."

"पंखा बंद केला तं दोघंई शिजू," शेडमधला मदतनीस बंटी मोटारीच्या पलीकडून म्हणाला. "आन मंग साहेब इचारतीन, रिपोर्ट कुठं हाय? मी म्हनन, कुकरात हाय, शिट्टी व्हायची हाय."

तरीही उठून त्यानं पंखा बंद केला. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही शेड पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायची जागा होती. आता तिच्या तापलेल्या पत्र्याखाली एकच वस्तू उभी होती: एका माणसापुरती, उघड्या चाकांची, लांब नाकाची शर्यतीची मोटार. जिनिंगचे मालक भाऊसाहेब यांनी पन्नास वर्षांपूर्वी एका इंग्लिश इंजिनाभोवती ती आपल्याच वर्कशॉपात बांधून घेतली होती. आता ती त्यांच्या नातवाची, इंद्रजितची होती. नागपूरला जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरणार होतं, आणि भरवणाऱ्या संघटनेला मोटारीचा तांत्रिक इतिहास हवा होता. विशेषतः इंजिनातलं तेल कसं फिरायचं, आणि ती व्यवस्था केव्हा केव्हा बदलली, हे पुराव्यासह.

इंद्रजितनं यवतमाळच्या कॉलेजात चौकशी केली, तेव्हा तिथं भौतिकशास्त्राचे तासिका तत्त्वावर तास घेणाऱ्या अपेक्षाचं नाव निघालं. त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत ती हो म्हणाली होती.

कारण तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आता तेच शेडच्या भिंतीला टेकून उभं होतं. प्रदर्शनात मोटारीशेजारी लावायच्या फ्लेक्सचा तो नमुना होता. पहिल्याच दिवशी अपेक्षानं तो वाचला होता आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या उलटा करून ठेवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: '१९७६. मद्रासजवळची शर्यत. पहिल्याच फेरीत इंजिन जळालं. का? मेकॅनिक उकंडा तेलाचा कॉक उघडायलाच विसरला!' शेवटी उद्गारचिन्ह होतं, आणि उद्गारचिन्हाशेजारी कपाळाला हात लावलेल्या माणसाचं व्यंगचित्र.

उकंडा तिचे आजोबा, आबा. कळंबला कोणी घराला कुलूप लावायला विसरलं, दुधावर झाकण ठेवायला विसरलं, तरी लोक म्हणत, 'झाला का उकंडाचा कॉक?' दहावीच्या पेपराला निघालेल्या अपेक्षाला शेजारच्या काकांनी दारातून हाक मारून विचारलं होतं, "पोरी, कॉक उघडला का?" सगळे हसले होते. आबाही हसले होते. त्याच गावात त्यांच्याबद्दल आणखी एक बोललं जाई: हात सोन्याचा, डोकं चाळणीचं. जिनिंगमधून काढून टाकल्यावर त्यांना हातपंप दुरुस्तीचं काम मिळालं ते या हातामुळेच. ज्यानं शर्यतीच्या मोटारीची तेलाची टाकी हातानं बनवली, त्याला पंपाचं काय अवघड, असं म्हणून लोक त्यांना बोलावत. हातपंप झाले, फवारणीचे पंप झाले, गावोगावच्या पाण्याच्या टाक्या झाल्या. टाकी कुठंही गळो, उकंडाला निरोप जाई.

साध्या मोटारीत तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्येच असतं. शर्यतीत मोटार जोरात वळली की ते एका बाजूला धावतं आणि पंपाच्या तोंडात हवा जाते. म्हणून पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात आबांनी सीटमागे वेगळी टाकी बसवली, आणि टाकीतून इंजिनापर्यंत तांब्याची नळी आणली. इतकं सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न फक्त त्या नळीच्या मधोमध असलेल्या, तेल बंद-सुरू करायच्या पितळी कॉकचा होता. तो शर्यतीच्या दिवशी तिथं होता की नंतर बसवला गेला? नंतर बसवला असेल, तर जो नव्हताच तो उघडायला कोणी कसा विसरेल?

प्रश्न इतका सरळ होता की अपेक्षाला वाटलं होतं, दोन दिवसांत सुटेल. दुसरा आठवडा संपत आला होता.

भाऊसाहेब केव्हाच वारले होते. शर्यतीचा एकच फोटो होता, तोही कृष्णधवल, आणि त्यात कॉक जिथं दिसायला हवा नेमकं तिथं भाऊसाहेबांचं कोपर होतं. अपेक्षानं तो फोटो इतका मोठा करून पाहिला होता की कोपराचे नुसते करडे ठिपके उरले. ज्या नागपूरच्या गॅरेजात जळालेलं इंजिन काही वर्षांनी दुरुस्त झालं, त्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. आणि आबा? आबांना विचारलं की ते म्हणत, "जुनं झालं थे," आणि पान्हा शोधायला उठत.

उरला होता रंग. नळीवर खाली निळा होता, वर पिवळा. निळा टाकी बनवली तेव्हाचा. पिवळ्याची तारीख तर लग्नपत्रिकेवर छापलेली होती: इंद्रजितच्या वडिलांच्या लग्नात, शर्यतीनंतरच्या मे महिन्यात, अख्खी मोटार हळदीसारखी पिवळी रंगवून वरातीला काढली होती. इंजिन जळालेलं, म्हणून बैलजोडी जुंपली होती. त्याचा रंगीत फोटो इंद्रजितच्या ऑफिसात लावलेला होता. नवरदेव स्टिअरिंग धरून बसलेला आणि पुढं झुली घातलेले बैल.

दुपारी इंद्रजित शेडमध्ये आला तेव्हा अपेक्षानं त्याला नळीपाशी वाकायला लावलं.

"सर, हे बघा. कॉकचे नट नळीवर सरकवताना दोन्ही रंग एकदम खरवडले गेलेत. म्हणजे आधी निळा लागला, मग पिवळा, आणि त्यानंतर नळी कापून कॉक बसवला. पिवळा शर्यतीनंतरचा. मग कॉकही शर्यतीनंतरचाच."

इंद्रजितनं गुडघ्यावरची धूळ झटकली. "हीच नळी शर्यतीत होती, हे कशावरून?"

"निळा रंग आहे ना खाली."

"निळ्या रंगाचा डबा तेव्हा वर्कशॉपात पडलेला असणारच. समज, शर्यतीत कॉकवाली नळी होती. इंजिन जळाल्यावर कोणी रागानं ती काढून फेकली, साधी नळी लावली, निळी रंगवली. मग लग्नात पिवळी. मग नागपूरवाल्यानं परत कॉक टाकला. होऊ शकतं की नाही?"

होऊ शकत होतं. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की हे तिच्या आधी त्याला सुचलं.

"हे बघ," इंद्रजित जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुझे आजोबा आहेत, मला माहीत आहे. तू लपवलंही नाहीस. पण म्हणूनच मला भक्कम काहीतरी दे. नाहीतर लोक म्हणतील, नातीनं आजोबांना सोडवलं. आणि खरं सांगू? लोकांना ती गोष्ट आवडते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तीच ऐकायला मागतो."

"त्या गोष्टीत माणसाचं नाव आहे, सर."

"नाव काढून टाकू हवं तर."

"नाव काढून काय होणार? कळंबला काय कोणाला माहीत नाही?"

इंद्रजितनं उलट्या फ्लेक्सकडे पाहिलं, पण तो सुलटा केला नाही. "उद्या संध्याकाळी मी फोन करतो. तेव्हा जे असेल ते छापायला देऊ."

तो गेल्यावर अपेक्षानं पंखा सुरू केला आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. तिला निळा आणि पिवळा यांच्या मध्ये काहीतरी हवं होतं. निळ्यानंतरचं, पण शर्यतीच्या आधीचं. असं काहीतरी, की ज्याची तारीख कोणी बदलू शकणार नाही. धूळ चालली नसती. तेलाचा डाग चालला नसता.

बंटी मोटारीच्या नाकावर उरलेले तांबडे डाग थिनरच्या फडक्यानं पुसत होता. "हे तुमचं राह्यलं होतं, ताई," तो म्हणाला. "पहिल्या दिशी तुमी साऱ्या मोटारीचा शेंदूर काढला, इथला इसरल्या. झाला का उकंडाचा—" आणि जीभ चावली.

"म्हणा, म्हणा. सगळेच म्हणतात."

"नाई जी, तोंडातून निंगून गेलं." विषय बदलायला तो घाईघाईनं बोलत राहिला. "माही माय जिनात होती नं. दसऱ्याले सारा जिन शेंदरानं लालभडक करत. पन कुठंई नाई हो लावत. जिथं तेल पडते, तिथंच. बेरिंगची वाटी, शाफ्टाचं भोक, अशा जागी. मंग तेलवाला वर्षभर ठिपके पाहूपाहू तेल टाकत फिरे. एखांदी जागा सुटू नये म्हनून. देवाचं देव, कामाचं काम."

अपेक्षानं मान वळवली. "मोटारीलाही तसंच?"

"मोटार जिनाचीच तं होती. तेलाची टाकी, तेलाची नळी, साऱ्याले."

ती उठली, आणि पुन्हा बसली. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं, मोठ्या नेटानं, सगळा शेंदूर थिनरनं पुसून काढला होता. घाण म्हणून. रंग नीट दिसावा म्हणून. आधी फोटो काढले होते, पण फोटोत वरचा ठिपका दिसतो. त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. पंचाहत्तरच्या दसऱ्याला मोटार निळी होती. पुढच्या दसऱ्याला ती पिवळी झालेली होती. मधे शर्यत. म्हणजे निळ्यावर आणि पिवळ्याखाली शेंदूर लागला असेल, तर तो एकाच दसऱ्याचा असू शकत होता. आणि पिवळा जिथं जिथं उडाला होता, तिथं तिथं तिनं तो पुरावा फडक्यात घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

"मी गाढव आहे," ती म्हणाली.

"असं नोका म्हनू. गाढव एम.एस्सी. होत नाई."

तिला हसू आलं नाही. ती नळीजवळ पालथी झोपली आणि कॉकच्या दोन्ही बाजूंचे पितळी नट पाहू लागली. त्या नटांखाली थिनर पोचलेलं नव्हतं. कॉक बसवणाऱ्यानं नट नळीवर सरकवून आवळले होते, आणि आवळल्यापासून त्यांच्याखालची नळी तशीच झाकलेली होती.

"बंटीभाऊ, पान्हा द्या. आणि पंखा बंद."

या वेळी बंटीनं पंखा लगेच बंद केला.

टाकीकडचा नट मागं सरकला तेव्हा खाली पिवळा रंग दिसला, कोरा, जणू कालच लावलेला. नळीच्या कापलेल्या काठाशी त्या पिवळ्याखालून एक तांबूस रेघ डोकावत होती. अपेक्षानं आधी फोटो काढले, मग पुन्हा काढले. मग काठाचा नखाएवढा तुकडा रंगासकट करवतीनं सोडवून डबीत ठेवला. दुसऱ्या बाजूचा नट काढला. तिथंही कापलेल्या काठाला तीच रेघ होती. एकाच ठिपक्याच्या मधोमध करवत फिरली होती. अर्धा ठिपका कॉकच्या या बाजूला राहिला होता, अर्धा त्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं तो तुकडा आडवा कापून पाहिला. खाली निळा. त्यावर जाडाभरडा, दाणेदार शेंदरी. त्यावर पिवळा. बंटीनं आणलेल्या ताज्या शेंदराशी तिनं दाणे ताडून पाहिले. पुन्हा पाहिले. मग तिच्या शंकेखोर सवयीप्रमाणे आपलं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. नळी दसऱ्याला मोटारीवर होती. शर्यतीनंतर पिवळी रंगवली तेव्हाही होती. दोन्ही वेळा अखंड होती. कॉक त्यानंतरचा. कुठंच फट सापडेना.

ती स्कूटीवरून लोहाऱ्याला गेली ती जवळपास गाणं म्हणतच.

इंद्रजितनं फोनवरचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. तो हट्टी होता, पण अप्रामाणिक नव्हता. "कमाल आहे," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आमच्या घरात पन्नास वर्षं..." वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. मग म्हणाला, "ठीक. कॉक बोर्डावरून गेला. मग तिथं काय लिहायचं? इंजिन जळालं हे तर खरं ना? कशानं जळालं?"

"ते मला विचारलेलं नव्हतं."

"आता विचारतोय. संघटनावाले विचारणारच. तेलाची व्यवस्था बदलली आणि पहिल्याच शर्यतीत बेअरिंग वितळलं, तर कारण नको? संध्याकाळपर्यंत बघ."

तिनं बघितलं. कारण कुठं शोधायचं ते तिला माहीत होतं, आणि आतापर्यंत ती तिथं गेली नव्हती, कारण प्रश्न कॉकचा होता. बंटीनं टाकीचं झाकण उघडून दिलं. फोनला जोडायचा, बोटाएवढा कॅमेरा तिनं वायरीवरून आत सोडला.

बाहेरून टाकी सुंदर होती. पत्र्याचे सांधे एकसारखे, कोपरे वळणदार, पितळेचा जोड कुठं फुगलेला नाही. बंटी त्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय हात होता हो आबाचा! आजबी असं कोनी करून दाखवाव."

आत काहीच नव्हतं. अशा टाकीत आडवे पत्रे असतात, भोकं पाडलेले, तेलानं वळणावर एकदम एका बाजूला धावू नये म्हणून. अपेक्षानं कॅमेरा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. पत्रा काढल्याची खूण नव्हती. जोड नव्हता. तो कधी लावलाच नव्हता. आणि इंजिनाकडे तेल नेणाऱ्या नळीचं तोंड टाकीच्या तळाशी अगदी उजव्या कोपऱ्यात होतं.

इंद्रजितनं सांगितलेल्या भाऊसाहेबांच्या गोष्टीत इंजिन शर्यतीतल्या एका लांब उजव्या वळणावर गेलं होतं. मोटार उजवीकडे वळते तेव्हा तेल डावीकडे जातं, आणि उजव्या कोपऱ्यातल्या नळीत हवा. हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही.

तिनं कॅमेरा बाहेर ओढला, वायर गुंडाळली, गाठ पडली, सोडवली, पुन्हा गुंडाळली.

"सापडलं काई?" बंटीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "बघते."

कळंबला ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा अंगणात पाटावर बसून शेजारच्यांच्या फवारणीच्या पंपाचा वॉशर बदलत होते. त्यांचे डोळे आता अधू झाले होते. वॉशर ते बोटांनीच चाचपून बसवत. आजी, कांताबाई, सुपात तूर पाखडत होती.

"आली वं?" कांताबाई म्हणाली. "चेहरा काहून असा? खाल्लं का नाई?"

रस्ताभर अपेक्षानं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच तिच्या तोंडून निघालं. "आजी, कॉक नव्हताच."

सूप थांबलं.

"शर्यतीत त्या मोटारीला कॉकच नव्हता. नंतर बसवला. मी पाह्यलं, पुरावा हाय माह्याजवळ. इंद्रजित सरांनी बी मानलं."

कांताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिला समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर ती बसल्या जागी उजळली. "म्हंजे यायनं काई इसरलंच नाई?"

"काहीच नाही."

"अवं माय!" ती उठली, पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा तेच म्हणाली, "काईच इसरलं नाई! आन मी बाप्पा इतके वर्सं साऱ्याईचं आयकत राह्यली. त्या रुपीबाईनं तं माह्या लेकीच्या लग्नात म्हनलं होतं, वरणात मीठ टाकलं का, का उकंडावानी... थांब, तिले आत्ताच सांगतो मी. साऱ्या गल्लीले सांगतो." ती चपला शोधू लागली. "आवो, आयकलं का? काई बोला की!"

आबांनी वॉशर बसवला. दट्ट्या आत घातला, एकदा ओढून पाहिला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

"टाकी पाह्यली का आतून?"

अपेक्षा त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. कॉक नव्हता हे ऐकूनही नव्हतं.

"पाह्यली," ती म्हणाली.

दट्ट्या पुन्हा एकदा आत गेला, बाहेर आला. कांताबाई एक चप्पल पायात घालून उभी होती.

"इंद्रजितले सांगतलं?"

"अजून नाही."

आबांनी हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं करून. "काय लिवनार हायेस?"

"जे हाय ते. आबा, तुम्ही चोवीस वर्षांचे होते. असली टाकी इथं कोनी पाह्यली बी नव्हती. चूक कोनाचीबी झाली असती. त्यात काय एवढं?"

"मले त्यायनं तवाच इचारलं होतं," आबा म्हणाले. "भाऊसाहेबायनं. तिथंच, मोटारीपाशी. सारे उभे होते." "म्हनलं, कॉक उघडाचा इसरलो; कॉक हाय का नाई, कोनी पाह्यलं होतं?"

"पन लोकं हसले ना तुमच्यावर! सारा जनम!"

"हासले. आन कामं देल्ले." त्यांनी पंप तिच्याकडे सरकवला, जणू तो दाखल्यासाठीच अंगणात होता. "टाकी फुटकी निंगाली असती तं कोनी देल्लं असतं का? तूच सांग. तुह्या बापाची फी कायच्यातून भरली?"

"टाकी फुटकी नव्हती, आबा. फक्त मधात पत्रा..."

"मले नोको सांगू पत्रा."

कांताबाईनं आबांकडे पाहिलं, मग नातीकडे. तिनं पायातली चप्पल हळूच काढली.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर इंद्रजितचं नाव होतं. अपेक्षानं तो हातात धरला, पण उचलला नाही. आबांनी हात पुढं केला.

"दे."

"आबा, नको."

"दे म्हनलं नं."

तिनं दिला. त्यांना काही नाकारायची तिला सवय नव्हती. त्यांनी पडद्यावर अंगठा दोनदा दाबून पाहिला, मग तिनंच तो सरकवून फोन सुरू करून दिला. पलीकडचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला.

"हं अपेक्षा, सापडलं का कारण? छापायला द्यायचंय."

"उकंडा बोलतो, साहेब. कळंबवरून."

इंद्रजितचा आवाज बदलला. "अरे! नमस्कार, नमस्कार. तुमची नात फार मोठं काम करून राहिली. मी तुम्हाला भेटायला येणारच होतो. तुमची आमच्या घरानं माफी..."

"माफी कायची, साहेब. तुमचा बोर्ड बरोबर हाय. कॉक होता. म्याच बसवला होता माह्या हातानं, आन म्याच उघडाचा इसरलो."

"पण अपेक्षानं तर पुरावा दाखवला मला. तो शेंदूर, तो पिवळा रंग..."

आबांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिच्या मांडीवर ती छोटी डबी होती, आणि डबीत तो नखाएवढा तुकडा.

"नात हाय नं माही," ते फोनमध्ये म्हणाले. "तिले वाटनारच तसं."

त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला आणि फवारणीचा पंप उचलून शेजारच्या अंगणाकडे चालू लागले. कांताबाईनं सूप मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही.

"हॅलो?" फोनमधून आवाज येत होता. "अपेक्षा, आहेस का? बोल ना. काय छापू?"

कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं, "झाला का हो पंप?" आणि आबा म्हणाले, "झाला नं. माह्या हातचं काम हाय, पाहून घे."

अपेक्षानं फोन कानाला लावला.